पूर्वीची दुसरी सुई आणि बायची पाठवणी

कळंबोलीच्या लोखंडबाजारात दिवसभर ट्रेलर हाकून आनंदा बेलपाड्याला घरी यायचा, तेव्हा कानांत अजून सळयाच वाजत असायच्या. आणि ताटात काय, तर उकडलेली भाजी नि फिका भात. घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही. आगरी माणसाला एवढी शिक्षा कोर्टही देत नसेल.

झालं होतं असं. त्याची मुलगी पूर्वी दहावीत, आणि तिच्या वर्गात कांजिण्यांची साथ आलेली. आनंदाला स्वतःला कांजिण्या लग्नानंतर झाल्या होत्या, त्याही थेट फुप्फुसापर्यंत उतरलेल्या. मोठ्या वयात हे दुखणं थट्टा करत नाही, हे तो छाती ठोकून सांगायचा. फार जोरात ठोकत नसे, खोकला यायचा. म्हणून त्याने पूर्वीला लस टोचून आणली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या वयात दोन डोस लागतात, एकावर थांबू नका. आणि मध्ये चार पुळ्या उठल्या तर घाबरू नका."

पुळ्या उठल्या. आनंदा घाबरला नाही, कारण तो कामावर होता. घरी होती त्याची आई, गोदूबाई. तिने नातीच्या पोटावरच्या पुळ्या पाहिल्या आणि हात जोडले. बाय, म्हणजे कांजिण्यांची देवी, घरात आली होती; ती जाईपर्यंत फोडणी नि मासळी बंद.

आता दुसऱ्या डोसची तारीख उजाडली.

"आये, पूर्वीला घेऊन जातो."

"बाय घरात बसलीय नि तू सुई घेऊन तिच्या मागं लागतंस? जल्ला तुझा डोस!"

"पुळ्या कवाच सुकल्या."

"पुळ्या सुकल्या, बाय नाय गेली. पाठवणी केली कं तिची?"

"आजी, ते लसीमुळे आलं होतं," पूर्वी म्हणाली. "डॉक्टर आधीच बोलल्या होत्या ना."

"त्या बोलल्या तवा बाय ऐकत व्हती. म्हणून तर आली."

आनंदाची बायको शशिकला चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी उसासली, "माझी कढई तरी सोडवा कुणीतरी."

आनंदाला ओरडता आलं असतं. पण ओरडायला अंगात जोर लागतो, तो लोखंडबाजारात खर्ची पडलेला. तो दारातल्या ओट्यावर आईशेजारी बसला.

"आये, मी दवाखान्यात नळ्या लावून पडलेलो, इसरलीस? पोरीवर तीच पाळी आणायची हाय?"

गोदूबाईने पदराचं टोक पिळलं. "तवा तुला घाईत उचलून नेला. पाठवणी ऱ्हायली माझ्याकडून. म्हणून ती तुझ्या छातीत बसली."

आनंदाने पहिल्यांदाच नीट पाहिलं तिच्याकडे. इतकी वर्षं म्हातारी हे एकटीच वागवत होती. तिचं सुईशी भांडण नव्हतंच.

"मग आज करू की पाठवणी. आत्ता."

"वेशीवर करावी लागतं."

"आजी, वेस आता कुठाय? गाव संपायच्या आतच सेक्टर सुरू होतो."

तरी आजी, बाप नि नात अशी तिघं निघाली. गोदूबाईच्या टोपलीत दहीभात, नारळ, हिरवा खण. जुन्या वेशीच्या जागी एका टॉवरचं गेट उभं होतं. तिने फुटपाथवरच पान मांडलं. वॉचमन धावत आला, "काकी, इधर नहीं!"

"पन्नास वरसं हितंच करतंय. तू कवा आलास?" म्हणून तिने नारळ फोडला. वॉचमनला खोबऱ्याचा तुकडा मिळाला आणि नियम शिथिल झाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पूर्वीची बाही वर सरकवली. "पहिल्या डोसनंतर काही पुळ्या वगैरे?"

पूर्वीने बापाकडे पाहिलं. बापाने आपल्या आईकडे.

"आलेली," गोदूबाई म्हणाली. "मानानं पाठवून दिली. टोचा आता."