जांबोटीचं आकाश आणि संक्रांतीची साडी

मी रात्रीचे फोटो काढते. आमच्या बेळगावच्या वडगावात हे एक वाक्य सांगताना जितका घाम फुटतो, तितका फोटो काढतानाही फुटत नाही. रात्री म्हणजे किती वाजता, कुठं, कुणाबरोबर आणि परत कशी येतेस, एवढं सगळं आधी विचारून होतं. फोटोबद्दल कुणी काही विचारेपर्यंत चहा संपलेला असतो.

दिवसा मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामगारांची हजेरी बघते. रजा साठवते, आणि साठली की कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन देशात जिथं अजून अंधार शिल्लक आहे तिथं जाते. कच्छचं रण झालं, स्पिती झालं, धनुष्कोडीची वाळू झाली. चांदण्यांचा फोटो काढायचा तर चंद्र नको, त्यामुळं माझा प्रत्येक प्रवास नेमका अमावास्येच्या आसपास पडतो. आणि आमच्या घरात अमावास्येला लांबच्या वाटेला कुणी निघत नाही. अगदी घरचे साड्या विणायचे मागसुद्धा बंद ठेवतात. "साऱ्या महिन्यात तुला ह्योच दिवस घावतोय व्हय?" असं आई दर वेळी म्हणते, आणि मी दर वेळी चंद्र, उजेड, चांदण्या असं सगळं समजावून सांगते. ती ऐकून घेते आणि माझ्या बॅगेत लिंबू टाकते.

परत आले की फोटो सोशल मीडियावर टाकते आणि घरच्या ग्रुपवरही. तिथं आईचा प्रश्न ठरलेला.

"ह्यात तू कुठं हाईस?"

"मी कॅमेऱ्याच्या मागं हाय, आई."

"मग एवढ्या लांब जाऊन तुजा एक बी फोटो न्हाय?"

आत्यानं तर कहर केला. माझ्या स्पितीच्या आकाशावर दोन गुलाब आणि मोठ्या अक्षरात 'शुभ रात्री' चिकटवून तिनं तो फोटो मलाच पाठवला. मी तणतणत फोन केला. ती म्हणाली, "अगं, मागं जागा लई मोकळी हुती." त्या मोकळ्या जागेसाठी मी थंडीत बोटं बधिर होईपर्यंत उभी होते. पण आत्याला ते कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं प्रेमानंच पाठवलं होतं. प्रेमाचाच तर सगळा वैताग आहे.

आणि आप्पा. माझे वडील. घराच्या मागच्या खोलीत आमचे विजेवरचे माग आहेत, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आप्पा त्यांच्यावर साड्या विणतात. माझ्या प्रत्येक फोटोला ग्रुपवर आप्पांचं उत्तर एकच, जोडलेले हात. कुणाचा वाढदिवस असला तरी जोडलेले हात, कुणी वारलं तरी जोडलेले हात, आणि माझी आकाशगंगा आली तरी तेच. मी रजा टाकून निघाले की विचारायचे, "फिराय चाललीस?" मी म्हणायची, "कामाला चाललेय." त्यावर ते हसायचे. त्यांच्या हिशेबी काम म्हणजे हाताला लागतं ते. संध्याकाळी कापड गुंडाळून ठेवता येतं, दाखवता येतं. माझं काय दाखवणार? काचेवर बोट फिरवलं की पुढचं येतंय.

मला लोकांच्या लाईकचं फारसं काही नव्हतं. आप्पांनी माझा एक फोटो नीट बघावा आणि ह्याला काम म्हणावं, एवढंच मला हवं होतं. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षं मिळू नये याची चीड यायची. मी ती कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण ती होती.

आता बाहेरचं सांगते. देशभर फिरले, कुठं फार अडवलं नाही. अडवलं ते आमच्याच भागात. संकेश्वरजवळ हायवेच्या कडेला ट्रायपॉड लावून मी साखर कारखान्याच्या दिव्यांचा आणि वाफेचा फोटो घेत होते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या एकामागोमाग चालल्या होत्या. एक मोटारसायकल थांबली, मग दुसरी. बघता बघता माझ्याभोवती माणसं. एक म्हातारे काका पुढं होऊन म्हणाले, "बाई, खरं सांगा. आणिक किती फूट घेणार?"

मला काही कळेना. मग लक्षात आलं. आमच्या भागात तीन पायांवर यंत्र लावून कुणी उभं राहिलं की तो सर्व्हे, आणि सर्व्हे झाला की रस्ता रुंद होतो आणि कुणाचं तरी पिकतं रान जातं. मी म्हटलं, "काका, मी फोटो काढतेय." काका म्हणाले, "त्ये बी तसंच म्हणालते." मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी मान मागं घेऊन तो बघितला आणि विचारलं, "ह्यात आमची बांधावरची बाभळ आली न्हाय न्हवं?" बाभळ आली नव्हती, तेव्हा कुठं सुटका झाली. पण त्या रात्रीचा फोटो गेला तो गेलाच. सगळ्यांच्या गाड्यांचे हेडलाईट त्यात आडवेतिडवे पसरले होते.

याच तिरमिरीत मी ठरवलं की आपल्या भागातला एक तरी चांगला फोटो काढायचाच. लोक म्हणतात, तुम्ही स्पितीला जाता म्हणून असले फोटो येतात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर जांबोटीला. पावसाळ्यात तिथं चार महिने आकाश दिसत नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडाला अंधार असा मिळतो की हात दिसत नाही. एप्रिलमधल्या अमावास्येला आम्ही दोघी शेवटच्या बसनं गेलो आणि फाट्यावरून चालत तिच्या घरी पोचलो. भात कापून मोकळं झालेलं शेत, त्यात एकटं फणसाचं झाड, आणि पहाटेकडं त्याच्या डोक्यावर तिरपी चढत आलेली आकाशगंगा. अवघड होतं ते झाड. झाडही काळं, आकाशही काळं. उजेड जरा वाढवला की आकाश राखाडी व्हायचं, जरा कमी केला की झाड गायब. गोठ्यातली म्हैस सारखी हंबरत होती, मैत्रीण गोधडीत बसून डुलक्या घेत होती, आणि मी एकटीच चिडत, पुटपुटत तोच तोच फोटो पुन्हा पुन्हा घेत होते. उजाडायच्या जरा आधी तो जमला. मी हसले, मोठ्यानं, एकटीच.

फोटो टाकला. खाली लिहिलं, जांबोटी, बेळगाव. झालं. एकानं लिहिलं, बेळगाव नव्हे, बेळगावी म्हणा. दुसरा त्याच्यावर तुटून पडला. तिसऱ्यानं विचारलं, हे नक्की महाराष्ट्रात की कर्नाटकात, ते आधी सांगा. माझ्या फोटोखाली चार दिवस लोक एकमेकांच्या अंगावर धावत होते. त्या फणसाच्या झाडाबद्दल, त्या आकाशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कच्छचा फोटो टाकते तेव्हा लोक चांदण्या बघतात. घरचा टाकला की पाटी बघतात. शेवटी मी प्रतिक्रिया बंद केल्या. घरच्या ग्रुपवर आईनं विचारलं, ह्यात तू कुठं हाईस. आप्पांचे हात जोडलेले.

पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या आधी माझा चुलतभाऊ घरी आला. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. त्याचं निपाणीत साड्यांचं दुकान आहे. आईसाठी त्यानं संक्रांतीची काळी साडी आणली होती. आईनं घडी उलगडली. पदरभर माझं जांबोटीचं आकाश पसरलं होतं. आकाशगंगा, फणसाचं झाड, सगळं.

"अण्णा, ह्यो फोटो माझा हाय."

"व्हय की! तुजाच. ग्रुपवर टाकलेलास त्यो. म्हटलं संक्रांतीला काळी साडी लागतीच. बाहिरनं छापून आणल्या. बायकांस्नी लई आवडल्यात बघ."

"मला इचारलं का न्हाईस?"

तो खरोखर गोंधळला. "घरातलं घरात काय इचारायचं गं?"

"आणि फोटोच्या कोपऱ्यात माझं नाव हुतं, ते?"

"पुसाय लावलं. पदरावर नाव कसं दिसंल? लोकं म्हणतील, दुकानाचं न्हाय, कुणा बाईचं नाव हाय."

मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं नक्की. आई मध्ये पडली. भावाबहिणीनं सणासुदीला भांडू नये म्हणाली. अण्णा चहा अर्धा ठेवून, तोंड पाडून निघून गेला, आणि वर मीच वाईट ठरले. ह्याचा तर जास्तच संताप झाला. चोरी झाली माझ्या घरी, आणि चोराला चहा नीट दिला नाही म्हणून बोलणी खाल्ली मी.

दुपारी लाईट गेली. माग थांबले तसे आप्पा मागच्या खोलीतून बाहेर आले, हात पुसले आणि खाटेवर बसले. सकाळचं भांडण मागाच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. साडी तिथंच पडली होती. त्यांनी चष्मा लावला, पदर उचलला आणि सवयीनं आधी अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघितला. मग उलटा केला. मागची बाजू फिकट, पांढुरकी.

"छापील हाय," ते म्हणाले. असल्या साड्यांनी आमच्या मागांचं काय केलंय ते त्यांना सांगायची गरज नव्हती, आणि त्यांनी सांगितलंही नाही. आता बाजूला टाकतील असं मला वाटलं. पण त्यांनी पदर परत सुलटा केला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. बघतच राहिले. पदर जवळ घेतला, लांब नेला. झाडाच्या कडेवरून नख फिरवलं.

"कापड काय कामाचं न्हाय," ते म्हणाले. "पर ज्यानं ह्ये चित्र काढलंय, त्येनं काम केलंय बघ. झाड काळं, आभाळ काळं. दोनी काळी येगळी ठेवलीत. सोपं न्हाय ते. कोण हाय त्यो?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. थट्टा करत नाही ना, हे बघत असावेत.

"तू?"

"व्हय, आप्पा. मी काढलाय. जांबोटीला."

ते परत पदराकडं वळले. आणि मग अगदी साधेपणानं, जरा दुखावल्यासारखं म्हणाले, "मग मला कधी दावलं न्हाईस ते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं. साऱ्या देशाला दाखवला होता. अनोळखी माणसं त्यावरून भांडून मोकळी झाली होती, निपाणीतल्या बायका तो नेसून वाणाला जाणार होत्या. ह्यांनी त्याला हात जोडले होते! त्यांचाच फोन काढून, तो फोटो आणि ते जोडलेले हात दोन्ही त्यांच्या नाकासमोर धरावेत असं फार फार वाटलं. पण मग त्यांनी फोनकडं बघितलं असतं, माझ्याकडं बघितलं असतं. आत्ता ते फोटोकडं बघत होते. मी तोंड मिटलं आणि त्यांना बघू दिलं.