हर्मेलिंदाचा चढ

हर्मेलिंदा आर्साते ही रागीट बाई होती आणि तिला त्याची लाज वाटत नसे. ओकोतालच्या चढावर चाळीस वर्षे ती मुष्टियोद्ध्यांच्या पुढे धावली आणि चाळीस वर्षे त्यांच्यावर ओरडली. ठोसा मारायला ती कुणाला शिकवत नसे. ठोसे खाली तोलुका शहरातल्या तालमीत शिकता येत. वर, ज्वालामुखीच्या अंगावर, पाइनची झाडे विरळ होतात आणि हवा पातळ होते, तिथे पोरे येत ती श्वास कमवायला. तो श्वास त्यांनी या बुटक्या, एकोणसाठ वर्षांच्या, ताठ मानेच्या बाईच्या हवाली केलेला असे.

तिला हे काम कुणी शिकवले नव्हते. लहानपणी निळ्या मक्याच्या ताज्या भाकऱ्यांची टोपली पाठीला बांधून ती पहाटे सात किलोमीटर खाली धावत जाई, कारण पहिली बस गाठली तरच माल गरम असताना विकला जाई. एकोणीस वर्षांची असताना, पाठीवर मक्याचे पोते घेऊन परत चढताना, तिने राजधानीहून आलेल्या एका नावाजलेल्या योद्ध्याला मागे टाकले. त्याचा गुरू आधी खो खो हसला, मग हसायचा थांबला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा राहिला.

तिची रीत साधी होती. धावताना जपमाळ म्हणायची. मारियेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध ती म्हणे, उत्तरार्ध पोरांनी मोठ्याने, एका श्वासात म्हणायचा. उत्तर मध्येच तुटले की गती जास्त झाली, पाय आवरायचे. उत्तर फार सुखाने आले की पोरगा आळशीपणा करतो आहे, पाय उचलायचे. जपमाळेची दहा-दहा मण्यांची पाच दशके अशी संथ धाव झाली की मग खडा चढ: तीन मिनिटे जीव तोडून वर, एक मिनिट चालत खाली, जितक्या फेऱ्यांची झुंज तितक्या वेळा. तिच्याजवळ घड्याळ होते, पण विश्वास कानांवर होता. माणसाचे हृदय काय म्हणते ते माणूस देवाशी बोलताना कळते, असे ती म्हणे. आणि हे म्हणतानाही ती रागावलेलीच असे.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी तिच्या मागे चौघे धावत होते. तिसऱ्या दशकात तिच्या कानाला काहीतरी खटकले. उत्तर येत होते, पण त्याचा आकार बदलला होता. चेलो नावाचा टवाळ पोरगा नको इतका गरजत होता.

"चेलो, घशात आज देवळाची घंटा बसवलीस का रे?"

"भक्ती वाढली, मावशी."

"तुझी भक्ती मला ठाऊक आहे. रविवारी मिस्सा चालू असताना तू मोबाईल बघतोस. आवाज कुणाचा झाकतोयस?"

चेलोने मान खाली घातली. पाय मात्र धावत राहिले.

"तिघे गप्प राहा," ती म्हणाली. "आता आमादोर एकटा उत्तर देईल."

आमादोर कासियानो त्या चौघांतला सगळ्यांत गुणी. शनिवारी त्याची झुंज होती, दूरदर्शनवर दिसणारी, चौदा महिने वाट पाहून मिळालेली. बाजाराच्या भिंतीवर त्याचे नाव हातभर अक्षरांत रंगवलेले होते आणि त्याची आई रोज वाट वाकडी करून तिथून जाई. हर्मेलिंदाने पूर्वार्ध म्हटला. मागून तीन शब्द आले. मग नुसतीच पावले. आणि पावलांच्या तालावर आणखी एक आवाज आला, कोरड्या पाचोळ्यासारखा, चुरचुर चुरचुर.

ती थांबली, वळली, आणि काही न विचारता तिने त्याच्या जाड जाकिटाची चेन खाली ओढली. आत कचऱ्याची काळी पिशवी होती. मानेसाठी एक भोक, हातांसाठी दोन.

"किती दिवस?"

"नऊ. दुपारी पण घालतो. वीटभट्टीच्या मागे."

"पाणी कधी प्यायलास?"

"काल. दोन घोट. नंतर नुसती चूळ भरतो." त्याच्या ओठांवर पांढरी खपली होती. तो हसायला गेला. "लघवी तर काळ्या कॉफीसारखी होते, मावशी."

चेलोसुद्धा हसला नाही.

हर्मेलिंदाच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एक कात्री आली. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ नाबोर असाच वजन उतरवायला पळत असे, आणि पिशवीला भोके पाडून देणारी तीच होती. घरचा योद्धा, तिच्या हातचा, तिला केवढा अभिमान. घाम गळला म्हणजे तयारी झाली, हे त्या वेळी सगळी तालीम मानत होती, तीही मानत होती. वजनकाट्यावर नाबोर हसला. दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत पडला, आणि पुढची अकरा वर्षे खाटेवर आईला "बाई, तुम्ही कोण?" असे विचारत जगला. त्या दिवसापासून हर्मेलिंदा इतरांवर जितकी रागावली, त्याच्या कितीतरी पट स्वतःवर रागावली होती. म्हणून तर तिने कान तयार केले. आणि आज त्याच कानांना तीन पोरांनी मिळून नऊ दिवस फसवले होते. सामुदायिक प्रार्थनेत एकाचे मौन बुडून जाते, हे चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला कळायला हवे होते. तिला कळले नव्हते.

मागून पिकअप आली. तालमीचा मालक एव्हारिस्तो बेसेरिल खाली उतरला, गळ्यात टॉवेल, हातात आतोलेचा, मक्याच्या गोड पेजेचा, वाफाळता पेला.

"का थांबलात, हर्मेलिंदाबाई?"

"हे तुम्ही घातलंत याच्या अंगात?"

"चार किलो उरलेत. शुक्रवारी वजनकाटा होऊ दे, मग रात्रभर पाजा त्याला पाणी. मी कुठे नाही म्हणतो?"

"कुंडीतलं रोप आहे का तो? वाळवायचं आणि परत पाणी घालायचं?"

"सगळं जग असंच वजन उतरवतं."

"सगळं जग मला माहीत नाही. नाबोर माहीत आहे. याला वरच्या वजनगटात लढवा. वर्षभर थांबा."

"वरच्या गटात याला कोण विचारतो?" एव्हारिस्तोने आतोलेचा घोट घेतला, आणि आमादोरची नजर त्या पेल्यावर खिळली. "तुमचं काम पळवायचं. वजन माझ्याकडे."

"माझं काम दम. आणि याच्यात तो उरलेला नाही."

तिने पिकअपमधली पाण्याची बाटली उचलली आणि आमादोरपुढे धरली.

"प्यायलास तर झुंज गेली," एव्हारिस्तो शांतपणे म्हणाला.

आमादोर दोघांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी ठीक आहे, मावशी. खरंच."

"मग उत्तर दे. एकच. उभ्याने, धावायचंही नाही. एका श्वासात पूर्ण केलंस तर मी बाजूला होते आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

तिने पूर्वार्ध म्हटला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तो रागाशिवाय म्हटला. आमादोरने छाती भरली. निम्म्यावर आवाज फाटला. त्याने पुन्हा छाती भरली, डोळे मिटले, मुठी आवळल्या. या वेळी निम्म्याच्याही आधी आवाज फाटला. पोटरीत गोळा आला तसा तो रस्त्याच्या कडेला बसला, पोटरी दोन्ही हातांनी धरून. मग मान वर न करता त्याने हात पुढे केला, बाटली घेतली आणि प्यायला.

एव्हारिस्तोने पेल्यातले उरलेले आतोले गवतावर फेकले. "चला रे, गाडीत बसा," तो इतर तिघांना म्हणाला. "आणि बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका. पोरांपुढे आता सायकल धावेल."

"धावू दे. पोरगा कधी पडणार ते तिलाच विचारा."

चेलो गाडीत चढता चढता घुटमळला, तिच्याकडे पाहिले, आणि चढला. धूळ उडाली. चाळीस वर्षांचे काम त्या धुळीमागे दिसेनासे झाले आणि हर्मेलिंदाने गाडीच्या मागे एक अस्सल शिवी हाणली, जपमाळ हातात असतानाच. मग कपाळावर क्रूस काढला आणि आणखी एक हाणली.

"तू माझं वाटोळं केलंस," आमादोर म्हणाला. आजवर तिला त्याने कधी एकेरीत हाक मारली नव्हती. "चौदा महिने. आईला काय सांगू मी? भिंतीवर नाव आहे माझं."

"भिंत पुसता येते. हळू पी. घटाघट प्यालास तर ओकशील." तिने बाटली हिसकावली, तीन श्वास थांबली, परत दिली.

"मी तुला कधीच माफ करणार नाही."

"नको करूस." तिने त्याच्या अंगातली काळी पिशवी गळ्यापासून फाडली, गोळा करून बगलेत मारली, आणि त्याच्या काखेत खांदा दिला. तो तिच्यापेक्षा दीड वीत उंच होता. "ऊठ. घट्ट धर मला. पुढे घसरडं आहे."