वाट न विचारणारे अप्पा

आमच्या अप्पांनी कधी कुणाला रस्ता विचारला नाही. चार वाटा फुटल्या की ते कमरेवर हात ठेवून चारही वाटा गिऱ्हाईक जोखावं तशा जोखायचे आणि नेमकी चुकीची धरायचे. तळ्याकडे निघालेलो आम्ही खडीच्या खाणीवर पोचायचो. कुणी कुरकुरलं तर उत्तर तयार : "आपण न्हाई चुकलो. जिल्हा नवा हाय, गावं आजून आपापल्या जागी बसायचीत!"

जिल्हा खरंच नवा होता. लातूर उस्मानाबादेपासून नुकतंच वेगळं झालं होतं आणि मी, बिलोलीची मुलगी, नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले होते. अप्पांचं कापडाचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर धोतर-सदरा, डोक्याला टोपी आणि धोतराखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, एकट्यानं चालायचा कंटाळा, म्हणून त्यांनी निसर्ग मंडळ काढलं. मी ब्लाउजपीस घ्यायला गेले आणि सभासद होऊन परत आले. ब्लाउजपीस राहिलाच. मंडळात माणसं चारच : अप्पा, त्यांच्या पत्नी अक्का, दवाखान्यातले एक कंपाउंडर आणि मी.

अप्पांना निसर्गातलं काय कळायचं? कप्पाळ! पण त्यांचं कधी अडलं नाही. पाखरू दिसलं की ते त्याचं कापड सांगायचे. बगळा म्हणजे पॉपलीन, होला म्हणजे मांजरपाट, कावळा म्हणजे छत्रीचं कापड. खंड्या दिसला की आवाज एकदम खाली यायचा, "हळू, हळू. इरकल हाय." एकदा मी हट्टानं एका पाखराचं नाव विचारलं. "नाव कशाला पायजे?" ते म्हणाले. "धुतलं तरी रंग जाणार न्हाई, येवढं बघ."

त्यात दुष्काळ. अशा दिवसांत टोप्या घालून, काठ्या आणि दुर्बीण घेऊन चार माणसं शिवारात हिंडायला लागली तर लोकांनी काय समजावं? पाहणीचे साहेब आले! गाव लागलं की बाज टाकली जायची, चहा यायचा. कंपाउंडरांनी एकदा आपला धंदा सांगितला, तर अर्धं गाव जिभा बाहेर काढून त्यांच्यापुढे बसलं. अप्पा मात्र सगळ्यांचं गंभीरपणे ऐकून घ्यायचे. मी चिडायची, "सांगून टाका ना, आम्ही मजेनं चालतो म्हणून!"

"खुळी का काय तू? पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या माणसाला सांगू, की आमी गंमत म्हणून चालतो?"

एका रविवारी चाकूरकडच्या तळ्याला म्हणून निघालो आणि भटकत भटकत अशा वाडीत पोचलो, जिथं साहेब चुकूनसुद्धा कधी आला नव्हता. बायका विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. एका म्हातारीनं त्यातलंच तांब्याभर अप्पांपुढे धरलं. पिवळं पाणी. अप्पांनी टँकरचं विचारलं.

"जुन्या जिल्ह्याचे म्हणत्यात, तुमी नव्यात गेलाव. नवे म्हणत्यात, तुमची वाडी कुटं हाय ते आमाला ठावं न्हाई," म्हातारी म्हणाली. "आता आमी ऱ्हावं तरी कुटं?"

अप्पांनी तांब्या तोंडाला न लावता परत दिला. "मंगळवारी टँकर येतो. मी सांगतो ना!"

वाडीबाहेर पडताच अक्का कडाडल्या, "टँकर काय तुमच्या ताग्यातनं फाडून देणार हाव का?"

"तोंडातनं गेलं खरं," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सोमवारी दुकान बंद ठेवून अप्पा आमच्या कचेरीत हजर. टेबलं नवी, साहेब नवे, कुणाचं काम कुणाकडे याचा कुणालाच पत्ता नाही. मी खुणेनं खोली दाखवायची आणि अप्पा शेजारच्या खोलीत शिरायचे. संध्याकाळपर्यंत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाडीची कहाणी पाठ झाली. शेवटी एक साहेब वैतागून म्हणाले, "देतो हो टँकर! पण ड्रायव्हरला तुमची वाडी सापडायला नको का? वाट माहीत असलेला माणूस द्या."

अप्पांनी छातीवर हात ठेवला, "मी हाय की!"

झालं! मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

मंगळवारी केबिनमध्ये ड्रायव्हर, अप्पा आणि मी. अप्पा म्हणाले, डावीकडं. खडीची खाण आली. अप्पा म्हणाले, उजवीकडं. भलतंच गाव आलं. त्या गावात टँकर सकाळीच येऊन गेला होता, तरी माणसं घागरी घेऊन धावली. ड्रायव्हरनं कशीबशी गाडी बाहेर काढली. "शेटजी, आता आणखी एक गाव चुकलं, तर टाकी तिथंच रिकामी हुईल. मग मला बोलू नका."

पुढे एक बाई शेळ्या राखत उभी होती. मी म्हटलं, "अप्पा, मी विचारते."

"थांब." अप्पा स्वतः उतरले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "माय, आमी चुकलाव. टँकर जात न्हाई त्या वाडीची वाट दाव."

बाई हसून हसून खाली बसली. "अवो, म्हागं टाकून आलाव की तुमी!" शेळ्या बरोबरच्या पोरीवर सोपवून ती एक करडू काखेत मारून सरळ केबिनमध्ये चढली. वाडी येईपर्यंत करडानं अप्पांच्या धोतराचा सोगा चघळून संपवला. वाडीत टँकर शिरला तेव्हा म्हातारीनं पुढे येऊन अप्पांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. मला रडू आवरेना. अप्पांनी मात्र घरी येऊन अक्कांना सांगितलं, "सरळ गेलो, सरळ आलो." अक्कांनी धोतराकडे पाहिलं आणि भाकरी वाढली.

पुढे साखरेनं अप्पांचा पाय धरला आणि चालणं सुटलं. मंडळ कंपाउंडरांकडे आलं. ते सडक सोडायचे नाहीत. परतल्यावर अप्पा दुकानातल्या गादीवरून विचारायचे, "आज कुटं?"

"तळ्यावर."

"निघताना कुटं ठरलं हुतं?"

"तळ्यावरच."

"अरारारा! मग नवं कोण भेटलं तुमाला?"

कुणीच भेटलेलं नसायचं. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची.

म्हणून एका रविवारी मी कंपाउंडरांना दटावलं आणि सडक सोडायला लावली. मनसोक्त चुकलो. एका तांड्यावर पोचलो, तिथल्या बायकांनी मला फेर धरायला लावला. येताना कंपाउंडरांच्या मागे बैल लागला आणि ते बाभळीवर चढले. उतरायला तयार होईनात. कधी एकदा अप्पांना सांगते असं मला झालं होतं. धावत आले, तर दुकानासमोर गर्दी.

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला बसवतात. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. विभूती लावलेली, गळ्यात हार. मी दारातच थांबले. अक्कांनी उठून माझा हात धरला आणि मला त्यांच्या समोर नेऊन बसवलं.

"सकाळधरनं तुमचीच वाट बघत हुते," त्या म्हणाल्या. "सांग की त्येंला, आज कोण भेटलं ते."

मग मी सगळं सांगितलं. बैलासकट.