बुडणारं टोक

आमच्या काकांचं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढताना ते भिंगं बदलत गिऱ्हाइकाला विचारतात, "हे बरं की ते?" कुणी जरा घुटमळलं की त्यांचा पारा चढतो. "डोळे तुमचेच आहेत ना? मग पटकन सांगा."

याच काकांनी गळाची दोरी घ्यायला दोन वर्षं घोळ घातला. एकाच दोरीला गळ पाण्यात खाली नेणारी, कमी-जास्त वजनाची बुडणारी टोकं बदलून लावायची, की पाण्याच्या प्रत्येक खोलीसाठी वेगळी दोरी गुंडाळलेली जादा रिळं बाळगायची? या प्रश्नावर त्यांनी घरात प्रत्येकाचं डोकं खाल्लं आणि शेवटी दोन्ही घेतलं.

परवा नदीवर गेलो. काकांनी जड टोक लावलं, काढलं, हलकं लावलं, मग रीळच बदललं. त्यांची मान काही गळाच्या सामानाच्या खोक्यातून वर येईना. समोर मासे पाण्याच्या वर उड्या मारत होते आणि काका तळ गाठायच्या तयारीत.

काकू शेजारी खुर्ची टाकून विणत बसली होती. काकांनी दोन टोकं तिच्यासमोर धरली.

"हे बरं की ते?"

काकूने स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"हा घाला आणि एकदा पाण्याकडे बघा."