मावशीची भुवई आणि मावशीचा आवाज

म्हसावदला आमच्या गल्लीतली मावशी तोंडाने बोलतच नसे. तिची उजवी भुवई उडाली की वाणी अर्धा शेर तूरडाळ तोलायचा. डावी उडाली की खडे निघाले म्हणून बदलून द्यायचा. डोळे वटारले तर दूध फाटायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

तरुणपणी ती मूकपटांत नायिका होती. बोलपट आले, हिच्या तोंडून अहिराणी निघाली आणि सगळा स्टुडिओ खो खो हसला. त्या दिवसापासून तिने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं.

मग एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तंबूतल्या सिनेमाचा आवाज ऐन मध्यावर गेला. पडद्यावर नायिका नुसते ओठ हलवतेय, आणि इकडे निम्मा खानदेश तंबूच्या खुंट्या उपटायला निघालेला! तंबूवाला रडकुंडीला आला. तशी माझ्या शेजारची मावशी उठली, पदर खोचून पडद्यापाशी गेली आणि नायिकेच्या हलत्या ओठांच्या तालावर कडाडली, "मन्हा जीव तुन्हावर शे रे, पन पहिले तुन्ही मायले इचारीसन ये!"

तंबू फुटेस्तोवर हसला. हे तेच जुनं हसू समजून मावशी पाठ फिरवणार, तोच एक घोडेवाला ओरडला, "थांबू नको मावशी, आजून बोल!"

मावशी खेळाच्या शेवटपर्यंत बोलत राहिली, आणि तोवर बाहेरचे घोडेसुद्धा खिंकाळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी यंत्र नीट झालं. खेळ सुरू होताच लोक ओरडले, "तो भोंगा बंद कर! मावशीले बोलू दे!"

मावशीने फक्त उजवी भुवई उडवली. तंबूवाल्याने आवाज बंद केला.