जखमेतला मसाला

विक्रोळीच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक तपकिरी कुत्रा पडून असायचा. गिरणी सुटल्यापासून सासरे घरीच असत. एका संध्याकाळी अंधारात त्यांचा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि त्याने पोटरीच धरली. मी ऑफिसातून आले तोवर सासूबाईंनी कुत्र्याला शिव्यांची लाखोली वाहत जखमेत गावचा मसाला ठासून वर फडकं बांधलं होतं.

“तिखटान विख जळता,” त्या म्हणाल्या.

साधं तिखट आमच्या घरात नसेच. त्यामुळे धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं पोटरीत गेलं होतं. एरवी मी हसून लोळले असते, पण त्या दिवशी डोकंच फिरलं. शाळेत प्रथमोपचार शिकवले होते. सासऱ्यांना मोरीत स्टुलावर बसवलं, साबण घेतला आणि जखम धूत राहिले. ते बिचारे दातओठ आवळून बसले होते. सासूबाई पिंपातलं पाणी तांब्याने ओतत होत्या. उद्याच्या पाण्याचं काय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

इस्पितळात डॉक्टर भडकले. “आत हे लाल काय राहिलंय? कोणी भरलं? अशाने जखम पिकते, कुत्रं पिसाळलेलं असलं तर विष आणखी आत जातं, माणूस हातचा जातो!”

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मला त्यांची फार दया आली.

“मी,” मी म्हणाले, आणि पुढची सगळी बोलणी खाल्ली.

डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, टाके न घालता उघडी ठेवली आणि पोटातली इंजेक्शनं सुरू केली. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, तो धडधाकट राहिला तर घाबरायचं कारण नाही, असं सांगितलं.

घरी आलो तर जिन्यापाशी चाळकरी काठ्या घेऊन जमलेले. सासूबाई कुत्र्याच्या आडव्या आल्या. “हात लावशात तर बघा!”

मग सासऱ्यांच्या आधी कुत्र्याचं जेवण निघू लागलं, तेही कालवणभाताचं. एक दिवस त्याने भाताला तोंड लावलं नाही, तर सासूबाईही जेवल्या नाहीत.

दहाव्या दिवशी त्याने ताटली चाटून लख्ख केली आणि शेपटी हलवली. सासूबाई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

“बोलणी तू खाल्लंस,” त्या म्हणाल्या, “पण ह्ये गेले असते तर माझ्याच हातान गेले असते गो.”