फिरत्या घराची फरशी

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिचे फिरते घर केले. आसने काढून दोन अरुंद पलंग बसवले, खिडकीखाली ओटा केला. नोकरीभर मी सुट्ट्यांतही तपासायच्या वह्या घरी आणत आलो; आता तरी हिंडू, एवढीच पत्नीची मागणी होती. दोन वर्षे आम्ही खरोखर हिंडलो. हिवरा आश्रमच्या अलीकडे एखाद्या कडुनिंबाखाली गाडी उभी करून ती भाकरी टाकायची, तेव्हा मी तिला प्रथमच गुणगुणताना ऐकले.

तिसऱ्या वर्षी ओट्याजवळची जमीन पायाखाली दबू लागली. हे आधी तिच्याच लक्षात आले. मी दोष तिच्या सवयीला दिला. घरातल्याप्रमाणे गाडीतही ती रोज सकाळी ओला पोछा फिरवत असे. खामगावच्या गॅरेजमध्ये, मिस्त्री आणि चहाला जमलेल्या तिघाचौघांसमोर, मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "उभा जन्म फरशी पुसण्यात गेला, पण हिला फरशी कळली नाही." कोणीतरी हसले. तिने पदर सारखा केला, गाडीतून उतरली आणि एसटीने घरी गेली.

मिस्त्रीने वरची चटई उचलली. दाराजवळचा आणि पलंगाखालचा प्लाय कोरडा, टणक होता. केवळ ओट्याजवळच्या कोपऱ्यात तो काळा पडून भुसभुशीत झाला होता आणि त्यात स्क्रूची तीन भोके होती.

"सर, पोछ्यानं सडलं असतं तं सारंच सडलं असतं," तो म्हणाला. "हे माठाचं पानी हाये. तिवई कोनं ठोकली इथं?"

मीच. वळणावर माठ कलंडू नये म्हणून त्याची लोखंडी तिवई मी मोजमाप घेऊन जमिनीला पक्की केली होती. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होते, हे मी पाचवीच्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवले. तेच पाझरलेले पाणी माझ्या भोकांतून प्लायमध्ये उतरत राहिले.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तिला कारण सांगितले. पाझर, भोके, प्लाय, सगळे क्रमाने सांगितले. फक्त माफी मागितली नाही. ती ज्वारी निवडत होती. "बरं," म्हणाली.

मग मी नव्या फरशीच्या निवडीला लागलो. टाइल्स वजनदार आणि हादऱ्यांनी तडकणाऱ्या. लॅमिनेटच्या कडा पाण्याने फुगतात. ॲल्युमिनियमचा पत्रा आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाय ठेवू देत नाही. उरले जाड विनाइल. त्याचे नमुने मी आठ दिवस बादलीत बुडवले, आठ दिवस गच्चीवर तापवले, खुर्चीचा पाय घासून पाहिला आणि वहीत नोंदी केल्या. गाडीची फरशी निवडताना वरच्या नक्षीपेक्षा खालचा थर आणि सांधे पाहावेत. म्हणून खाली जलरोधक प्लाय आणि वर सांधा नसलेला एकच तुकडा, कडा चार बोटे भिंतीवर वळवलेला, असे ठरवले. रंग कोणता घ्यावा, हे मी तिला विचारले.

"फरशीतलं मले काय समजते?" ती म्हणाली.

काम उत्तम झाले. गाडी दारात आणून मी म्हटले, चल, लोणारला जाऊ. ती बाहेर आली, पायरीशी थांबून तिने आत पाहिले.

"चांगली झाली. पन मी आली तं पुसल्याबिगर राहनार नाही. मंग तुमाले चार लोकाईत पुन्हा बोला लागन."

गल्लीत कोणी नव्हते. जे सांगायचे ते तेव्हा सांगता आले असते. मी म्हणालो, या फरशीला पाण्याने काही होत नाही, रोज पुसली तरी चालेल. तिने मान हलवली आणि ती घरात गेली.

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच सोनाळ्याच्या बाजूला जाऊन आलो. दुपारी खिचडी शिजत असताना, चूक माझी होती, हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले. ते अवघड नव्हते. घरी परतलो तेव्हा तिने विचारले, जेवले काय. मी हो म्हणालो आणि गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली.